डाउटमधला मुका बी

डाउट या इंग्रजी शब्दात एक बी आहे. तो लिहायचा, पण बोलायचा नाही. इतकं सांगून मी आजवर पुढच्या शब्दाकडे वळत आलो. यंदा दिवाळीनंतर मात्र मला पुढे जाता आलं नाही. त्याला निमित्त झाल्या खाणावळ चालवणाऱ्या एक बाई.

आमच्या कॉलनीच्या सभागृहात मी सकाळी इंग्रजीचा वर्ग घेतो. मी मास्तर नव्हे. सातपूरच्या एका कारखान्यात माल रवाना करण्याच्या खात्यात सुपरवायझर होतो, इंग्रजी आपलं आपण शिकलो आणि निवृत्तीनंतर घरात बसून बायकोच्या फोडणीत चुका काढण्यापेक्षा हे बरं म्हणून शिकवू लागलो. वर्गाला येणारी सगळी मोठी माणसं. कुणाला परदेशातल्या नातवाशी बोलायचं असतं, कुणाला मोबाइलवर आलेलं वाचायचं असतं. त्या दिवशी मी डाउट शब्द दिला आणि प्रत्येकाला एक वाक्य करायला सांगितलं. खाणावळीच्या बाई उठून म्हणाल्या, "आय डाउट माय गॅस विल फिनिश टुडे."

मागे बसलेले एक रिटायर्ड कंडक्टर म्हणाले, "म्हणजे आज जेवायला दुसरीकडे जावं लागणार!" सगळा वर्ग हसला. सगळ्यांना बाईंचं म्हणणं नीट समजलं होतं.

मी म्हणालो, "बाई, वाक्य चुकलं."

"कुठं चुकलं, सर? मला डाउट आहेच. सकाळीच सिलिंडर हलवून पाहिला."

"तुमचा गॅस आज संपणार असं तुम्हाला वाटतं ना?"

"संपणारच."

"पण तुमच्या वाक्याचा अर्थ होतो, संपेलसं वाटत नाही."

बाई म्हणाल्या, "वाक्याला काय माहीत, सर? सिलिंडर माझा आहे."

पुन्हा हशा झाला. मलाही हसायला हवं होतं. मी खडू खाली ठेवला, आज एवढंच, असं म्हणालो आणि घरी आलो. कारण हेच वाक्य, अगदी याच चुकीसकट, तिशीत असताना मी एकदा बोललो होतो. ते एका माणसाबद्दल होतं. त्या माणसाशी माझी मैत्री आजवर त्या एका वाक्यावर उभी आहे. वाक्याचा खरा अर्थ त्याला सांगितला तर तो मित्र राहील की नाही, हे मला ठाऊक नव्हतं, आणि ते कळू नये म्हणून मी गप्प राहिलो होतो.

आधी शब्दाचं सांगतो, म्हणजे पुढचं समजेल.

आपल्याकडे शंका दोन्ही बाजूंना झुकते. "तो आला असेल, अशी मला शंका आहे," म्हटलं की तो आला असावा असं आपल्याला वाटत असतं. "तो येईल की नाही याची शंका आहे," म्हटलं की तो बहुधा येणार नाही. एकच शंका, पण वाक्य जसं वळवाल तशी ती वळते. इंग्रजीतला डाउट तसा वळत नाही. "आय डाउट" म्हणून पुढे जे सांगाल त्यावर तुमचा विश्वास नाही, असाच त्याचा अर्थ. गॅस संपेलसा वाटतो हे सांगायचं तर बाईंनी सस्पेक्ट हा शब्द घ्यायला हवा होता. आपण मराठी माणसं मनात शंका म्हणतो आणि तोंडाने डाउट म्हणतो, तिथे सगळं उलटं होतं.

हा शब्द इंग्रजांकडे फ्रेंचांकडून आला, आणि आला तेव्हा त्यात बी नव्हता. फ्रेंचांकडे तो लॅटिनमधून आला होता. लॅटिनमधल्या मूळ क्रियापदात बी होता. त्याचा अर्थ डगमगणं, मन दोन ठिकाणी असणं. त्याच्या पोटात दोनचा आकडा आहे. आपल्या द्विधा शब्दात जो द्वि आहे, तोच हा, फार दूरचा चुलत भाऊ. पुढे इंग्रजी पंडितांना वाटलं, शब्दाचं कूळ दिसायला हवं, म्हणून त्यांनी तो बी लिखाणात परत आणून बसवला. लोकांच्या जिभेने काही ऐकलं नाही. त्यामुळे तो तिथे आहे, सगळ्यांना दिसतो, आणि कुणी त्याचं नाव घेत नाही.

एवढं मला वर्गासाठी ठाऊक होतं. बाकीचं कारखान्यात घडलं.

आमचा कारखाना विजेच्या मोटारी बनवायचा. मोटारीला लागणारी तांब्याची तार मोठ्या रिळांवर यायची आणि कुलपात ठेवली जायची. कुलपाच्या किल्ल्या तिघांकडे: एक माझ्याकडे, एक टाइम ऑफिसच्या कारकुनाकडे आणि एक स्टोअरकीपरकडे. स्टोअरकीपर आमच्याच शहरातल्या द्वारका चौकापाशी राहायचा. त्याच्या थोरल्या भावाची तिथे बेकरी होती, घर वरच्या मजल्यावर. मी त्याला भाई म्हणायचो. मी खिशात छोटी डिक्शनरी बाळगायचो म्हणून तो मला अंग्रेज म्हणायचा. रोज दुपारी स्टोअरच्या मागे, पत्र्याच्या सावलीत आमचा चहा व्हायचा. "क्या अंग्रेज, आज कोणता शब्द पकडला?" असं तो विचारायचा, मी सांगायचो, आणि तो त्याच्यापेक्षा भारी उर्दू शब्द सांगून माझी जिरवायचा.

एका सकाळी तारेची रिळं कमी भरली. मॅनेजर दक्षिणेकडचे होते, नवीनच आलेले. मराठी त्यांना येत नव्हतं, हिंदी कामापुरती. बाहेरच्या कुणाला कळण्याआधी त्यांनी आम्हा तिघांना वेगवेगळं केबिनमध्ये बोलावायचं ठरवलं. माझी पाळी दुपारनंतर होती.

आता जे लिहितो ते परवापरवापर्यंत बायकोलाही सांगितलेलं नव्हतं. माझा संशय भाईवर होता. आदल्या संध्याकाळी त्याच्या सायकलच्या कॅरिअरवर गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी जड मी पाहिलं होतं. काय आहे, असं विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं. मी विचारलं नाही. कारकुनाच्याही सायकलला रोज पिशवी लटकलेली असायची. तिच्याकडे माझं कधी लक्ष गेलं नाही. तिघांत मला भाईच का आठवला, याचं उत्तर मी गोणपाट असं देत आलो. ते पूर्ण उत्तर नाही. आमच्या घरात, आळीत, लहानपणापासून भाईच्या लोकांबद्दल काही गोष्टी कानांवर पडत आल्या होत्या. त्या मी मानत नाही असं मला वाटायचं, आणि वेळ आली तेव्हा त्याच वर आल्या. द्विधा ज्या घरातला शब्द आहे, त्याच घरातला दुजाभाव. हे मला फार उशिरा सुचलं.

त्या दुपारी मी चहाला गेलो नाही. त्याच्यासमोर बसून चहा घ्यायचा आणि मग केबिनमध्ये जाऊन त्याचं नाव घ्यायचं, हे मला जमलं नसतं. डोकं दुखतंय, असा निरोप पाठवला.

केबिनमध्ये मॅनेजरांनी इंग्रजीत विचारलं, स्टोअरकीपरने माल नेला असेल असं तुला वाटतं का? मला हिंदीत उत्तर देता आलं असतं. पण इंग्रजी बोलायची संधी मी सोडायचो नाही. मनात मराठी वाक्य तयार होतं: त्याने नेला असेल अशी शंका आहे. त्याचं मी जागच्या जागी इंग्रजी केलं.

"सर, आय डाउट ही हॅज टेकन इट."

मॅनेजर माझ्याकडे पाहत राहिले. "शुअर?"

"येस, सर."

त्यांनी उठून माझ्याशी हात मिळवला. मित्राचं नाव घेतल्यावर साहेब हात का मिळवतात, हे मला समजेना. वाटलं, खरं बोलायला धीर लागतो, त्याचं कौतुक असेल.

संध्याकाळी भाई आमच्या घरी आला. दारातच त्याने माझे दोन्ही हात धरले. त्याचे डोळे लाल होते. मी मनात म्हटलं, आता ऐकवणार. आमची ही स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत बाहेर आली होती. भाई म्हणाला, "साहेबांनी मला सांगितलं, तू केबिनमध्ये काय बोललास ते. तू मोठा माणूस आहेस, अंग्रेज. मी नाही." आणि चहाही न घेता गेला.

ती म्हणाली, "काय बोललात हो असं?"

मी म्हणालो, "काही नाही. ऑफिसचं."

मला खरोखरच काही उमगलं नव्हतं. "मी नाही" याचा अर्थ मी लावला, मी माल नेला नाही. मोठा माणूस कसला, ते कळेना. कदाचित मॅनेजरांनी माझं नाव झाकायला त्याला दुसरंच काही सांगितलं असेल, असं मी स्वतःला पटवलं. महिन्याभरात रिळं सापडली. अंबडच्या एका कंत्राटदाराच्या शेडमध्ये ती दुसऱ्या मालाखाली दबून पडली होती. टेम्पोत चुकून चढवली गेली होती. तो टेम्पो माझ्याच पाळीत भरला होता. कुणी कुणाला काही बोललं नाही. कॅरिअरवरच्या गोणपाटात मैद्याचं पोतं होतं, भावाच्या बेकरीसाठी. तेही नंतर कधीतरी बोलता बोलता कळलं.

त्या वर्षी दिवाळीला भाई नानकटाईचा डबा घेऊन आला. मैदा, साखर, तूप घरचं. त्याच्या बायकोने, म्हणजे भाभींनी मळलेलं, भावाच्या भट्टीत भाजलेलं. गोल पत्र्याचा डबा, वर वर्तमानपत्राचा कागद. पुढच्या वर्षीही आला. मग येतच राहिला. कारखान्यात कुणी माझ्याविरुद्ध ब्र काढला तर भाई मध्ये पडायचा. आमची ही ऑपरेशनसाठी दवाखान्यात होती तेव्हा बाकावर माझ्याशेजारी भाईच बसून होता. लक्ष्मीपूजनाच्या आत त्याचा डबा आला नाही तर ती म्हणायची, "भाईंचा डबा नाही आला अजून, दिवाळी कसली?"

काही वर्षांनी एक तरुण इंजिनिअर आमच्या खात्यावर आला. इंग्रजी शाळेत शिकलेला. एका दुपारी त्याने विचारलं, आज मुंबईचा ट्रक येईल का? मी म्हणालो, "आय डाउट द ट्रक विल कम टुडे." मला म्हणायचं होतं, येईलसं वाटतं. त्याने हमालांना घरी सोडलं. तासाभरात ट्रक दारात उभा. मग मी, इंजिनिअर आणि स्टोअरमधून धावत आलेला भाई, तिघांनी मिळून तो भरला. घाम पुसत इंजिनिअर म्हणाला, "काका, तुम्हीच तर बोललात येणार नाही म्हणून!"

"मी बोललो, डाउट आहे. येण्याचा डाउट."

त्याने तिथेच, ट्रकच्या फाळक्याला टेकून, डाउट आणि सस्पेक्ट यांतला फरक मला समजावला. पोरगा चांगला होता, चिडला नाही. भाई शेजारी उभा राहून पाणी पीत होता.

घरी येईपर्यंत माझ्या लक्षात आलं होतं, केबिनमध्ये मी काय बोललो होतो. मॅनेजरांनी हात का मिळवला, भाई रडत का आला, डबा का येतो, सगळं एकाच वेळी. मी भाईवर आळ घेतला होता आणि माझ्या कच्च्या इंग्रजीने त्याला वाचवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या तोंडाकडे पाहत होतो. इंजिनिअरचं बोलणं त्यानेही ऐकलं असणार. त्याला दोन आणि दोन जोडता आले असतील का? तो नेहमीसारखाच म्हणाला, "क्या अंग्रेज, आज कोणता शब्द?" मी म्हणालो, आज काही नाही. दिवाळीला डबा आला. मला वाटलं, त्याला सगळं कळलं आहे, त्याने मनातल्या मनात माफ केलं आहे, आणि हा विषय काढून मी त्याच्या मोठेपणाचा अपमान करू नये. हे सोयीचं होतं. सोयीचं आहे हेही कळत होतं. सांगितलं आणि त्याला खरंच काही ठाऊक नसलं, तर डबा बंद होईल, चहा बंद होईल, बाकावर शेजारी बसणारा माणूस जाईल. मी गप्प राहिलो.

मध्ये एकदा वाचनालयातल्या जाड डिक्शनरीत मी हा शब्द काढून बसलो होतो. तिथे दिसलं की जुन्या इंग्रजीत डाउटचा अर्थ भीती वाटणं, संशय येणं असाही व्हायचा. तेव्हाचा एखादा इंग्रज खाणावळीच्या बाईंसारखंच बोलला असता. म्हणजे माझं वाक्य चूक नव्हतं, काही शतकं उशिरा बोललं गेलं होतं. मला आधी हसू आलं, मग मी आणखीच गोंधळलो. बोललो ते चूक होतं की बरोबर? मनात होतं ते चूक होतं, हे तर नक्की. पण तोंडातून निघालं त्याने भलं झालं. मग ते भलं कुणी केलं? मी, की माझ्या अज्ञानाने? आणि त्याची नानकटाई इतकी वर्षं कोण खात होतं?

यंदाच्या दिवाळीला भाई स्वतः आला. त्याचे गुडघे गेले आहेत. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. कठड्याला धरत, प्रत्येक वळणावर थांबत तो वर आला आणि डबा मांडीवर घेऊन धापा टाकत बसला. आमची ही त्याला रागावली, "भाई, फोन केला असता तर हे आले असते ना!"

भाई म्हणाला, "नाही वहिनी. हा डबा मीच आणायचा असतो."

यंदाची नानकटाई मला खाववेना. त्यानंतर आठवडाभरातच बाईंचा गॅसचा प्रसंग झाला. वर्गातून घरी आलो, चपलाही न काढता बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "सांगून या. त्या गुडघ्यांनी तो पुन्हा जिना चढायच्या आत."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी द्वारकेला गेलो. खाली बेकरीत पावाचे ट्रे निघत होते, बाहेर ट्रॅव्हल्सच्या गाड्या आणि रिक्षा एकमेकांवर भोंगे वाजवत होत्या. भाभींनी दार उघडलं. "या भाऊजी! सकाळी सकाळी?" भाई खिडकीपाशी बसला होता. मी म्हणालो, "भाई, तांब्याच्या रिळांचं प्रकरण आठवतं? त्याबद्दल मला काही—"

त्याने हात वर केला. "थांब. तू काही बोलू नकोस. आधी मी बोलतो. नाहीतर कधीच बोलणार नाही."

मी समोर बसलो.

"त्या दिवशी साहेबांनी मला तुझ्याआधी बोलावलं होतं," भाई म्हणाला. "कुणावर शक आहे, विचारलं. मी तुझं नाव घेतलं."

भाभी दारात उभ्या होत्या. त्यांनी मान खाली घातली. त्यांना हे ठाऊक होतं.

"तू त्या दिवशी चहाला आला नाहीस ना. रोज येणारा माणूस. डोकं दुखतं म्हणे! मला वाटलं, याच्या मनात काहीतरी आहे, तोंड चुकवतोय. म्हटलं, हाच असणार. साहेबांना सांगून टाकलं. आणि संध्याकाळी साहेब मला म्हणतात, तुमने जिसका नाम लिया, वो बोला तुमने माल नहीं लिया. शरम करो." भाईने मान फिरवली. "मी तुझ्या घरी येऊन म्हटलं ना, तू मोठा माणूस आहेस, मी नाही. पुढचं बोलायला तोंडच उघडेना. मग डबा आणत राहिलो."

चहाला मी गेलो नव्हतो, कारण माझा संशय त्याच्यावर होता. मी गेलो नाही, म्हणून त्याचा संशय माझ्यावर आला. आणि मी ज्याला आभार समजत होतो ते आभार नव्हतेच. हा माणूस इतकी वर्षं मान खाली घालून माझ्या घरी येत होता, आणि मी एक वाक्य बोललो असतो तर त्याची मान वर झाली असती. मी बोललो नाही.

मी सगळं सांगितलं. गोणपाट, केबिन, मराठी शंका, इंग्रजी डाउट. भाईने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि हसला.

"अंग्रेज, तू सुधारणार नाहीस. मला बरं वाटावं म्हणून आता हे रचतोस."

"रचत नाही, भाई. खरं आहे."

"साहेब शिकलेले होते. त्यांना डाउटचा अर्थ कळत नव्हता?"

"त्यांना कळत होता. मला कळत नव्हता!"

"तुला? डिक्शनरी खिशात ठेवून फिरणाऱ्याला?"

मी त्याला खाणावळीच्या बाईंचं वाक्य सांगितलं. तो म्हणाला, बरोबरच बोलल्या त्या. मी म्हणालो, "तो ट्रक आठव. हमाल घरी गेले होते, आपण तिघांनी भरला. तो इंजिनिअर मला काय समजावत होता, तू शेजारीच होतास!"

"कोणता ट्रक?"

त्याला ट्रक आठवतच नव्हता. मला वाटलं होतं, त्याने ट्रकपाशी ऐकलं, जोडलं, माफ केलं. त्यातलं काहीच झालं नव्हतं. मी हात जोडले. तो माझे हात खाली करत म्हणाला, "बस. तू तेव्हाही असाच होतास. दुसऱ्याचं स्वतःवर घेणारा. अगं, चहा टाक."

भाभी आत जाता जाता म्हणाल्या, "दोन बुड्ढे, दोन्ही पागल. मैदा चाळून चाळून मी मेले."

निघताना त्या जिन्यापर्यंत आल्या. हळूच म्हणाल्या, "मला खरं वाटतं, भाऊजी. पण ते नाही ऐकणार. तोंडाने सांगितलेलं त्यांना खरं वाटत नाही. स्वतःला तोंडाने सांगता आलं नाही ना कधी."

जिना उतरताना भट्टीचा वास आला. बेकरीत आता भाईचा पुतण्या बसतो. मी त्याला विचारलं, घरचं सामान आणलं तर नानकटाई भाजून देतोस का? तो म्हणाला, "आता? दिवाळी तर झाली, चाचा."

घरी जाताना मी मैदा आणला, साखर आणली, तूप आणलं. आमच्या हिने सांगितलं तसं मळायला बसलो. तिला हात लावू दिला नाही. माझे हात असल्या कामाचे नाहीत. गोळे लहानमोठे झाले. बेकरीत नेऊन भाजून घेतले, थंड झाल्यावर भाईच्याच गोल डब्यात भरले, वर वर्तमानपत्राचा कागद घातला आणि जिना चढून भाईकडे गेलो.

भाईने डबा पाहिला. "हे काय?"

"नानकटाई."

"कुणी केली?"

"मी."

"का?"

मी डबा त्याच्या पुढ्यात सरकवला. मला पुन्हा सगळं सांगायचं नव्हतं. तो डब्याकडे पाहत राहिला, मग माझ्याकडे. कसल्या मनाने माणूस असा डबा दारात घेऊन उभा राहतो, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं.

"म्हणजे ते खरं होतं," तो म्हणाला. "तू माझंच नाव घेतलं होतंस."

"हो."

"गोणपाट पाहून."

"गोणपाट पाहून. आणि..." मी अडखळलो. "आणि तू तू होतास म्हणून."

त्याने खिडकीबाहेर पाहिलं. खाली कुणीतरी सारखा भोंगा वाजवत होता. भाईने कागद बाजूला करून एक नानकटाई उचलली, अर्धी मोडली, तोंडात टाकली.

"मधे कच्ची राहिली आहे," तो म्हणाला. उरलेली अर्धी त्याने खाल्ली नाही, टाकलीही नाही. हातात धरून बसला. मी उठलो तसा म्हणाला, "डबा ठेवून जा."

एवढंच. त्याने "पुन्हा ये" म्हटलं नाही. दार भाभींनी लावून घेतलं.

त्यानंतर मी हे लिहायला घेतलं आहे. वर्गाला डाउट शब्द पुन्हा शिकवायचा राहिलाच आहे. खाणावळीच्या बाईंचा गॅस त्या दिवशी संपला नाही, असं त्यांनी नंतर हसत सांगितलं. म्हणजे त्यांचं वाक्य शेवटी बरोबर ठरलं. मला त्याचंही काय करावं ते समजत नाही.

डबा भाईकडेच आहे. आपल्याकडे दुसऱ्याचा डबा रिकामा परत करत नाहीत. पण डबा तर मुळात त्याचाच, तेव्हा तो परत करायचा प्रश्न येतो की नाही, हेही मला ठरवता येत नाही. आमची ही रोज संध्याकाळी जिन्यावर पाय वाजले की माझ्याकडे पाहते. भाई येईल, अशी शंका आहे. मराठीत हे वाक्य मला म्हणता येतं आणि ते म्हणताना जरा बरं वाटतं. इंग्रजीत म्हणायचं तर डाउट आणि सस्पेक्ट यांतला कोणता शब्द घ्यायचा, ते मी अजून ठरवलेलं नाही.